रात्री मशीन लावून लाईट बिल कमी येतं का? आपल्याकडे स्वस्त वेळ दिवसाची आहे

तुमचा प्रश्न वाचला आणि सगळ्यात आधी हेच सांगतो, आईंना आज रात्रीपासून नीट झोपू द्या.

तुम्ही लिहिलंय की घरी नवीन स्मार्ट मीटर बसलाय, कुणीतरी सांगितलं की रात्री वीज स्वस्त असते, म्हणून आई रात्री बारानंतर वॉशिंग मशीन लावतात आणि पहाटे चारला उठून गिझर चालू करतात, तर खरंच बिल कमी येतं का आणि किती. महावितरणचा घरगुती ग्राहक असाल तर रात्रीला काहीही सूट नाही. सूट आहे ती सकाळी ९ ते संध्याकाळी ५, म्हणजे ऐन दिवसा, आणि तीसुद्धा स्मार्ट मीटर असेल तरच, कारण जुन्या मीटरला फक्त एकूण युनिटं मोजता येतात, कुठलं युनिट किती वाजता जळलं हे त्याला कळतच नाही. जुलै २०२५ पासून ही सूट युनिटमागे ८० पैसे अशी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत ती टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत न्यायचं ठरलंय. मुंबईत बऱ्याच भागात वीज दुसऱ्या कंपन्यांची आहे, त्यांचे दर आणि वेळा वेगळ्या, तिथल्यांनी आपापलं बिल बघावं.

आता रात्रीचं हे कुठून आलं ते सांगतो, कारण तुमच्या आईंना ज्याने सांगितलं तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. मी १६ वर्षं भोसरीला एका हीट ट्रीटमेंटच्या (धातूचे पार्ट भट्टीत तापवून कडक करायच्या) शॉपमध्ये मेंटेनन्सला होतो. कारखान्यांना तेव्हा रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सूट होती आणि संध्याकाळी ६ ते १० ला उलट १ रुपया १० पैसे जादा लागायचे, सकाळी ९ ते १२ ला पण ८० पैसे जादा. त्यामुळे आमच्याकडे संध्याकाळी नवीन चार्ज (भट्टीत एका वेळी जाणारा माल) लावायचाच नाही असा नियम होता, जॉब भरून बास्केट तयार ठेवायची आणि दहाच्या ठोक्याला फर्नेसमध्ये ढकलायची. हजारो युनिटांचा खेळ असल्यामुळे मालकाला महिन्याला खरोखर मोठा फरक दिसायचा. तिथे काम केलेल्या प्रत्येक माणसाने घरी येऊन सांगितलं की रात्रीची वीज स्वस्त. पण ते दर कारखान्याचे होते, घरच्या मीटरला ते कधी लागूच नव्हते. दुसरं म्हणजे यूट्यूबवर जे टायमर लावून रात्री डिशवॉशर चालवायचे व्हिडिओ असतात ते बहुतेक परदेशातले. इंग्लंडमध्ये १९७८ पासून इकॉनॉमी सेव्हन नावाचा दर आहे, रात्रीचे सात तास वीज स्वस्त. तिथल्यासाठी ते बरोबरच आहे.

आपल्याकडे उलटं झालं ते सूर्यामुळे. दुपारी सोलरची वीज भरपूर येते आणि ती तेव्हाच वापरावी लागते, साठवायची सोय अजून कमी आहे. संध्याकाळी सूर्य गेला की नेमकी सगळी माणसं घरी येतात, दिवे, पंखे, टीव्ही, एसी, मिक्सर सगळं एकदम सुरू, म्हणून ती वेळ ग्रीडला, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याला, सगळ्यात जड जाते. कोयनेचं पाणी मुख्यतः याच वेळेसाठी राखून ठेवतात. आणि भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे, तो कधी जमलं तर वाचा, ग्रीडवर मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपाने वरच्या धरणात चढवायचं आणि गरज पडली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. आपण मोटर लावून गच्चीवरची टाकी भरून ठेवतो तसंच, फक्त डोंगराएवढं. केंद्राच्या २०२३ च्या नियमांतही हेच धरलंय की उन्हाच्या आठ तासांत दर निदान २० टक्के कमी असावा. गर्दीच्या वेळेला जादा दर लावायचीही त्यात तरतूद आहे, पण आपल्याकडे घरगुतीला सध्या फक्त दिवसाची सूट आहे.

आता पैशाचं. इथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. वरून कपडे टाकायचं साधं टॉप लोड मशीन, गार पाण्याचं, एका धुण्याला साधारण पाव युनिट खातं. रोज लावलं तरी महिन्याला सात-आठ युनिटं. ती सगळी दिवसा नेली तर गुणिले ८० पैसे, म्हणजे सहा रुपये. महिन्याचे सहा रुपये! एवढ्यासाठी एक बाई रात्री बारा वाजता ओले कपडे पिळत उभी राहते हे मला वाचवेना, म्हणून एवढं मोठं लिहितोय.

समोरून दार असलेलं मशीन असेल आणि ४० डिग्रीवर धूत असाल तर पाव युनिटाचं पाऊण होतं, कारण मोटर फारसं खात नाही, आतला हीटर खातो. तिथे वेळ बदलण्यापेक्षा गार पाण्याचा प्रोग्राम लावा. महिन्याला २० धुणी धरली तर दहा युनिटं मुळातच वाचली, आणि १०० च्या पुढच्या स्लॅबला वहन आकार धरून युनिटला दहा रुपयांच्या वर पडतात, म्हणजे शंभराची नोट सरळ वाचली. सरकवलेल्या युनिटाला ८० पैसे, न जाळलेल्याला दहा रुपये, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

गिझर चारला लावणं तर पूर्ण तोट्याचं आहे. २५ लिटर पाणी २५ डिग्रीवरून ६० पर्यंत न्यायला बरोबर एक युनिट लागतं, ते पहाटे चारला लागतं आणि सकाळी सातला पण तेवढंच, दर एकच. वरून चार ते सात पाणी टाकीत बसून गार होत राहणार आणि थर्मोस्टॅट मधेमधे परत हीटर ओढणार. आंघोळीच्या आधी पंधरा-वीस मिनिटं लावा, झालं की बंद करा. मी घरी प्रयोग केला होता की आईने नऊनंतर आंघोळ करावी म्हणजे गिझर सवलतीच्या वेळेत येईल, तर ती म्हणाली, "नऊ वाजेपर्यंत मी पारोशी बसू का, आणि देवांनी काय करायचं?" बरोबर होतं तिचं. मी तो विषय सोडला. संध्याकाळच्या आंघोळीचं मात्र जमतं, साडेचारला गिझर तापवून पाचच्या आत बंद केला की माझी आठ वाजताची आंघोळ त्याच पाण्यात होते, चांगलं कढत असतं.

मग दिवसा न्यायचं काय, तर जे कुणालाही त्रास न देता हलतं ते. आमच्याकडे पाण्याची मोटर सकाळी सहाऐवजी अकराला लावतो (एक एचपीची, अर्धा तास चालली की अर्ध्या युनिटच्या आसपास), इस्त्रीचा ढीग रविवारी दुपारी, घरघंटीवर आठवड्याचं दळण पण दुपारीच, शेजाऱ्यांनाही तो आवाज तेव्हाच चालतो. कपडे दहाला टाकले की बाराच्या उन्हात वाळत पडतात, बायकोला हे आधीपासूनच हवं होतं. सगळ्यात मोठा वाटा इलेक्ट्रिक स्कूटरचा, एका चार्जिंगला साडेतीन युनिटं. मला सेकंड शिफ्ट असते तेव्हा सकाळी नाश्ता करून लावतो, दोन वाजता निघेपर्यंत भरते. डोळ्यासमोर चार्ज होते हे मला पैशापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं, रात्री सगळे झोपलेले असताना जिन्याखाली बॅटरी लावून ठेवणं मला कधीच पटलं नाही.

हिशोब उघड सांगतो. आमची महिन्याला २६० च्या आसपास युनिटं जातात. आधी ९ ते ५ मध्ये ७० असायची, आता १२० असतात. सूट ५६ रुपयांची ९६ झाली, त्यावर १६ टक्के वीज शुल्कही वाचतं, म्हणजे खटपटीचा फायदा महिन्याला ४५-५० रुपये. वर्षाचे साडेपाचशे. वाईट नाही, पण त्यासाठी कुणाची झोप जात नाही म्हणूनच ते ठीक आहे. उन्हाळ्यात दुपारी एसी लावत असाल तर हा आकडा बराच वाढेल.

आणि एक कळकळीने सांगतो, टायमरच्या नादात स्वस्तातला स्मार्ट प्लग गिझरला लावू नका. आम्ही लावला होता, १० अँपिअरचा, आणि गिझर ३००० वॅटचा. ३००० भागिले २३० केलं तर १३ अँपिअर येतात, मी इलेक्ट्रिकलचा माणूस असून पाकिटावरचा आकडा वाचायचा राहिला. चौथ्या दिवशी बाथरूमबाहेर जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, बघतो तर प्लगची एक बाजू तपकिरी होऊन सॉकेटला चिकटलेली, मेन बंद करून पकडीने ओढला तर मागची पितळी पट्टी काळी पडलेली. मुलगी दहा मिनिटांपूर्वीच तिथून आंघोळ करून गेली होती. गिझरला टायमर लावायचाच तर १६ अँपिअरचा, तोही वायरमनकडून बसवून, आणि नुसतं बटण हाताने बंद केलं तर त्याचीही गरज नाही. तसंच मशीनला उशिरा सुरू व्हायची सोय असते, पण नळ उघडा ठेवून घराला कुलूप लावून जाऊ नका, पाइप निसटला तर खालच्या मजल्यापर्यंत पाणी जातं.

तुमची युनिटं खरंच कधी जातात ते महावितरणच्या ॲपमध्ये दिसतं, स्मार्ट मीटर असल्यामुळे. एक आठवडा बघा आणि मग ठरवा. माझ्या अंदाजाने तिथल्या आलेखात तुमचा सगळ्यात उंच दांडा सकाळी सहा ते आठ असेल, गिझरचा, आणि तो वेळ बदलून नाही, बादलीने आंघोळ करून कमी होईल.

शेवटी तुम्ही विचारलंय की फ्रीज रात्री बंद ठेवावा का. अजिबात नको. बंद ठेवला की आतलं तापमान चढतं आणि सकाळी कॉम्प्रेसर तेच परत खाली आणायला सलग चालतो, तोपर्यंत दूध नासलेलं असतं. तो चोवीस तास चालू राहू द्या, त्यातले आठ तास आपोआप सवलतीत येतात. फक्त मागे भिंतीपासून चार बोटं जागा सोडा आणि दाराचं रबर कागदाची पट्टी अडकवून तपासा, पट्टी सहज निघून आली तर रबर बदलून घ्या.