पोटात बाळ असताना छोट्या विमानातून उडायचंय?
अगं, आधी डॉक्टरांना स्पष्ट सांग की केबिन प्रेशराइज्ड नाहीये, म्हणजे वर गेल्यावर आतल्या हवेचा दाब राखला जात नाही, नाहीतर त्यांना मोठं विमानच वाटतं. उंची ८,००० फुटांच्या खालीच ठेव. बेल्ट पोटाखालून, मांडीलगत. आणि हो, कार्बन मोनॉक्साइड (विषारी वायू) ओळखणारा डिटेक्टर लावच, कारण बऱ्याच छोट्या विमानांत हीटर एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या उष्णतेवर चालतो, गळती झाली तर या वायूचा वासही येत नाही आणि पोटातल्या बाळाला त्याचा त्रास जास्त, यात काटकसर नको.
बाळ झाल्यावर मांडीवर घेऊन बसू नकोस, कितीही छोटं असलं तरी, झटक्यात हातातून सुटतं, म्हणून विमानात चालणारी कारसीटच लाव. कानांवर आवाज अडवणारे इअरमफ. उतरताना मिनिटाला ३००-४०० फूटच, तेव्हाच दूध पाज म्हणजे गिळताना कान मोकळे होतात. सर्दी असेल तर सरळ कॅन्सल, नवरा कितीही कुरकुरला तरी.