भिंतीवरचा परवाना आज चालू आहे का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ बार्शी तालुक्यात शेती करतो. विहिरीच्या कामासाठी तो एका सावकाराकडून २ लाख रुपये घेणार आहे. व्याज शेकडा ३ रुपये महिना ठरले आहे. तारण म्हणून एक एकराचे खरेदीखत करून द्यायचे आणि पैसे फिटले की जमीन परत मिळेल, असे तोंडी बोलणे झाले आहे. सावकाराच्या दुकानात परवाना लावलेला आहे, पण त्यावरची मुदत गेल्या वर्षीच्या ३१ मार्चला संपलेली दिसते. ‘नवा येईलच’, असे तो म्हणतो. परवाना खरा आहे की नाही, हे कसे तपासावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तारीख तुमच्या नजरेस पडली, हे फार बरे झाले. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, आणि परवान्याची मुदत ३१ मार्चला संपत असल्याने तो दर वर्षी नव्याने करून घ्यावा लागतो. कर्ज दिले त्या दिवशी सावकाराकडे वैध परवाना होता, अशी खात्री पटल्याखेरीज न्यायालय त्याच्या बाजूने वसुलीचा हुकूमनामा देत नाही. म्हणून ‘येईलच’ या शब्दावर पैसे घेऊ नयेत.

परवान्याची खातरजमा दुकानात नव्हे, तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करावी. सावकाराचे पूर्ण नाव, परवाना क्रमांक आणि व्यवसायाचा पत्ता लिहून अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात तेच विचारता येते. परवाना चालू वर्षाचा आहे का, एवढेच विचारून थांबू नका. तो कोणत्या क्षेत्रासाठी दिला आहे, हेही पाहावे लागते, कारण एका ठिकाणचा परवाना दाखवून दुसरीकडे धंदा करण्यास कायद्याची मुभा नाही.

मात्र परवाना चालू निघाला, तरी हा व्यवहार कायद्यात बसत नाही. शासनाने २०१४ मध्ये ठरवून दिलेले कमाल दर शेतकऱ्यासाठी तारणी कर्जाला वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जाला १२ टक्के असे आहेत. शेकडा ३ रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. २ लाखांवर ७२ हजार रुपये, जिथे कायद्याने फार तर १८ हजार व्हायला हवेत.

खरेदीखताविषयी तर स्पष्टच सांगतो : ते करू नये. कागदावर ती विक्री असते आणि परतीचे बोलणे हवेत राहते. सावकारीच्या व्यवहारातून अशी जमीन सावकाराच्या ताब्यात गेली असेल, तर गेल्या १५ वर्षांतील प्रकरणांत जिल्हा उपनिबंधकांकडे कलम १८ खाली अर्ज करता येतो, व चौकशीअंती ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. पण तिथे तो व्यवहार कर्जापोटीच झाला, हे दाखवावे लागते, आणि रोखीने दिलेल्या व्याजाची एकही पावती नसेल तर ते जड जाते. विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

प्रश्न : मोबाइलवरच्या ॲपमधून कर्ज देणाऱ्यालाही हाच परवाना लागतो का?

उत्तर : पैसे देणारी बँक किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली वित्त कंपनी असेल, तर लागत नाही, नोंदणीकृत वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये केरळ व गुजरातच्या प्रकरणांत स्पष्ट केले आहे. त्यामुळे ॲपचे नाव बाजूला ठेवून करारात कर्ज देणारी कंपनी कोणती आहे ते वाचावे आणि ती रिझर्व्ह बँकेच्या यादीत शोधावी. कर्ज देणाऱ्या ॲपची सूचीही जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. मात्र तिच्यातील माहिती कंपन्यांनीच भरलेली असते, तेव्हा ॲपचे नाव सूचीत दिसले तरी करार वाचण्याचे काम उरतेच.