साधा फोन वाजतो, इंटरनेटवरचा कॉल का वाजत नाही?

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत असतो. कामावरून आला की, म्हणजे आपल्याकडे साडेदहाच्या सुमारास, इंटरनेटवरून कॉल करतो. माझा मोबाइल वाजतच नाही. सकाळी ॲप उघडलं की मिस्ड कॉल दिसतात. वायफाय चालू असतं, साधे फोनही नीट येतात. बॅटरी टिकावी म्हणून मी रात्री सगळी ॲप्स बंद करते. दुकानदार म्हणतो, नवा फोन घ्या.
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, नवा फोन अजिबात घेऊ नका. ॲप्स बंद करणं तेवढं आजपासून थांबवा.

सिमवरचा फोन मोबाइलची मूळ यंत्रणाच घेते. इंटरनेटवरचा कॉल मात्र त्या-त्या ॲपला घ्यावा लागतो. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून, बराच वेळ पडून राहिलेला फोन ॲप्सना अधूनमधूनच नेट वापरू देतो. कॉलसाठी त्यातही वाट ठेवलेली आहे : गूगलच्या यंत्रणेतून तातडीचा संदेश येतो, ॲप जागं होतं, रिंग वाजते. पण काही फोनमध्ये ॲप वर सरकवून काढलं की ते ‘फोर्स स्टॉप’, म्हणजे सक्तीने पूर्ण बंद, केल्यासारखं होतं. मग तुम्ही स्वतः उघडेपर्यंत संदेश त्याला मिळतच नाही. तुमचे मिस्ड कॉल सकाळी दिसतात ते बहुधा यामुळेच.

सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, तिथे ते ॲप, मग ‘बॅटरी’ उघडा आणि ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर तेही चालू करा. मेमरी साफ करणारं एखादं ॲप कुणी टाकून दिलं असेल तर ते काढून टाका. अँड्रॉइड लागेल तशी मेमरी स्वतःच मोकळी करतं. रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’ (रिंग बंद ठेवणारी सोय) आपोआप लागत नाही ना, हेही बघा.

आता तपासणी. सेटिंग बदलल्या बदलल्या कॉल लावून पाहण्यात अर्थ नाही, कारण फोन तेव्हा जागाच असतो. चार्जर न लावता, स्क्रीन बंद करून तासभर तो टेबलावर पडू द्या आणि मग मुलाला कॉल करायला सांगा. त्याच्या स्क्रीनवर काय येतं, तेही विचारा. बऱ्याच ॲप्समध्ये कॉल समोरच्या फोनपर्यंत पोचला की ‘कॉलिंग’चं ‘रिंगिंग’ होतं. ते होत नसेल तर आई झोपली असेल असं समजून त्याने ठेवून देऊ नये. निकडीचं काही असलं तर दर जास्त पडला तरी सरळ साधा फोन लावावा.