कूर्चेच्या पेशी वाढवायला घेतेस? आधी एवढं सांभाळ

अगं, तिसऱ्या पॅसेजला, म्हणजे पेशी तिसऱ्यांदा नव्या भांड्यात हलवल्यावर, त्या लांबट दिसल्या म्हणून घाबरू नकोस. कूर्चेतली गोल पेशी प्लास्टिकच्या तळावर पसरली की आपल्या सोलापुरी मागावरच्या धोट्यासारखी निमुळती होते. मग कूर्चेची खरी ओळख असलेली टाइप २ कोलॅजन आणि अ‍ॅग्रिकॅन ही प्रथिनं कमी होतात, टाइप १ कोलॅजन वाढतं. पेशींची संख्या वाढली म्हणजे काम जमलं, ही नवख्यांची ठरलेली चूक.

सध्या एवढंच कर:

- पेशी विरळ पेरू नकोस. पहिल्या पॅसेजच्या दोन-तीन व्हायल (छोट्या कुप्या) गोठवून ठेव.
- व्हिटॅमिन सी ताजंच घाल, त्याशिवाय कोलॅजन नीट विणलं जात नाही. इथल्या मे महिन्यात मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) बाहेर राहूच देऊ नकोस.

अशा बदललेल्या पेशी अ‍ॅगरोजच्या जेलमध्ये पुन्हा गोल होतात, टाइप २ बनवतात. १९८२ मध्येच ते दिसलंय. ते पुढे शिकवते.