आधी घर की आधी शेत?

प्रश्न: मुलगा सहावीत आहे. शाळेत शिकवलं की माणूस शेती करायला लागला म्हणून एका जागी राहायला लागला. हा मला विचारतो, मग पेरून झाल्यावर फिरायला जायचं आणि कापणीला परत यायचं, असं का नाही केलं त्यांनी? मला काय उत्तरच सुचेना. – एक आई, घणसोली

उत्तर: ताई, पोरगा हुशार आहे. असं पेरून फिरायला जाणारे लोकही जगात झालेत बरं का. पण खरी गोची पेरणीत नाहीये, कापणीनंतर आहे.

1966 साली जॅक हार्लन नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ तुर्कस्तानात गेला आणि डोंगरावरचा जंगली गहू गारगोटीच्या विळ्याने कापून बघितला, तर तासाला साधारण 1 किलो साफ दाणे मिळाले. त्याचा हिशोब असा की एक कुटुंब तीन आठवडे राबलं तर वर्षभराचं खाणं जमा होतं, तेही काहीच न पेरता! आता एवढं धान्य डोक्यावर घेऊन कुठे हिंडणार? तळवलीला आमच्या आजोळी बांबूची, शेणाने लिंपलेली कणगी होती, ती भरली की आजी दोन रात्री कुठे राहायला जायची नाही, उंदीर लागतील म्हणून.

उंदरावरून आठवलं. इस्रायल-पॅलेस्टाइनच्या भागात नातुफियन लोक साधारण 14 हजार वर्षांपूर्वी दगडी पायाच्या गोल घरांत राहायचे आणि तिथे घरातल्या उंदरांची हाडं सापडलीत. उंदीर घरात कायमचा कधी येतो? माणूस टिकून राहिला की. शेती मात्र तिथे त्यानंतर दोन-तीन हजार वर्षांनी आली, म्हणजे तिकडे तरी घर आधी, शेत नंतर. शाळेतलं वाक्य चूक नाही पण अर्धंच आहे.

मग शेतीने काय केलं? तर सुटायची वाटच बंद केली. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत म्हणून देवभात, म्हणजे न पेरता उगवणारा जंगली भात, शोधतात ना, तो पिकला की दाणे आपोआप गळून पडतात. जंगली गव्हाचंही तेच. माणसाच्या हाती जास्त करून न गळणारी कणसं लागली, तीच परत पेरली गेली, असं हजारेक वर्षांहून जास्त चाललं आणि शेवटी असं पीक तयार झालं की ते स्वतःहून पडतही नाही न् उगवतही नाही. त्याला माणूस पाहिजे आणि आता माणसालाही ते पाहिजे, कारण तोवर घरात खाणारी तोंडं वाढलेली.

आपल्याकडचं बघायचं तर पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातलं घोड नदीकाठचं इनामगाव, तिथे उत्खननात जुनं गाव सापडलंय. इ.स.पू. 1600 च्या आसपास वसलं. मुख्य पीक सातू, चौकोनी घरं, त्यातलं एक पाच खोल्यांचं आणि त्याला लागूनच धान्याचं कोठार. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घरातच जमिनीखाली पुरायचे. अशी जागा सोडून माणूस सहज जाईल का?

पण गेले हो! इ.स.पू. 1000 नंतर पाऊस कमी झाला, चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या, शेती कमी न् शेळ्यामेंढ्या जास्त, आणि इ.स.पू. 700 च्या सुमारास गावच उठलं. म्हणजे तुमचा मुलगा म्हणतो तसं परत फिरायला लागले म्हणा ना. पुण्याला गेलात तर डेक्कन कॉलेजच्या म्युझियममध्ये त्याला इनामगावच्या वस्तू दाखवा, फक्त आधी फोन करून वेळ विचारून घ्या.