वाचक विचारतात: लास वेगास नेमकं कुणी वसवलं?

लास वेगासवर इतकी पत्रं आली की हे अख्खं सदर त्यालाच द्यावं लागलं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलेली पत्रं थोडी कापली आहेत.

ओसाड वाळवंटात बग्सी सीगल नावाच्या गुंडाने एकट्याच्या डोक्यातून हे शहर उभं केलं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे कितपत खरं? (एक वाचक, सांगली)

खरं नाही. सीगलचं फ्लेमिंगो हॉटेल उघडलं २६ डिसेंबर १९४६ ला. गावातल्या प्लॉटांचा लिलाव झाला १५ आणि १६ मे १९०५ ला. मधली ४१ वर्षं तिथे माणसं राहतच होती.

‘ओसाड’ हेही अर्धंच खरं. लास वेगास म्हणजे स्पॅनिशमध्ये कुरणं. इथे जमिनीतून आपोआप वर येणारे झरे होते आणि त्यांच्या काठाने गवत माजायचं. दक्षिणी पायूट लोक पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर जगत होते. १८५५ मध्ये मॉर्मन पंथाच्या लोकांनी झऱ्याच्या ओढ्यालगत कच्च्या विटांची गढी बांधली आणि दोन वर्षांत सोडूनही दिली. पुढे १८८२ मध्ये ही जागा स्ट्युअर्ट कुटुंबाकडे आली. दोनच वर्षांत आर्चिबाल्ड स्ट्युअर्टचा गोळी लागून मृत्यू झाला. पदरात चार मुलं, पाचवं पोटात, अशा अवस्थेत त्याची बायको हेलन हिने गुरंढोरं, शेती आणि वाटसरूंची सोय हे सगळं १९०२ पर्यंत सांभाळलं. मग तिने जमीन आणि पाणी विल्यम क्लार्कच्या रेल्वे कंपनीला विकलं. शहराच्या जन्मकथेत एकच नाव घ्यायचं असेल, तर ते हिचं घ्यावं.

क्लार्क हा माँटानातला तांब्याच्या खाणींचा मालक आणि सिनेटर. त्याला लॉस एंजेलिस ते सॉल्ट लेक सिटी अशी रेल्वे टाकायची होती. वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी लागतं आणि त्या मार्गावर भरवशाचं पाणी इथेच होतं. म्हणून इथे स्टेशन झालं, स्टेशनपुढे ११० एकरांवर प्लॉट पडले आणि गाव उभं राहिलं. ते ज्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आहे तिचं नावही क्लार्क. दारूचे गुत्ते फक्त १६ आणि १७ नंबरच्या ब्लॉकमध्येच चालतील, अशी अट कंपनीने पहिल्यापासून घातली होती.

सीगलच्या हॉटेलचंही तसंच. कल्पना आणि सुरुवातीचं बांधकाम बिली विल्करसन या हॉलिवूडमधल्या वृत्तपत्रमालकाचं. त्याचे पैसे संपले तेव्हा सीगल शिरला. उद्घाटनाच्या रात्री कॅसिनो तयार होता, पण खोल्या नव्हत्या. लोक खेळले, जिंकलेले पैसे खिशात घातले आणि झोपायला दुसऱ्या हॉटेलांत गेले. कॅसिनोचं गणित उलट आहे: गिऱ्हाईक जिंकलं तरी मुक्कामाला तुमच्याच छताखाली हवं, म्हणजे ते पैसे सकाळपर्यंत परत टेबलावर येतात. फ्लेमिंगोला महिनाभरात टाळं लागलं, मार्च १९४७ मध्ये ते पुन्हा उघडलं आणि २० जूनला सीगल बेव्हर्ली हिल्समध्ये मारला गेला. त्याच रस्त्यावर एल रँचो वेगास १९४१ पासून आणि लास्ट फ्रंटिअर १९४२ पासून चालू होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

नेवाडाने जुगाराला परवानगी दिली ती हूवर धरणाच्या कामगारांसाठी का? (एक वाचक, नाशिक)

कामगारांसाठी नाही, पण त्यांच्यामुळे लास वेगासचं फावलं. नेवाडा हे विरळ वस्तीचं, खाणी संपत आलेलं राज्य. १ ऑक्टोबर १९१० पासून तिथे जुगारबंदी होती, पण मागच्या खोलीत खेळ चालूच होता. १९ मार्च १९३१ ला गव्हर्नर फ्रेड बाल्झर यांनी सही केली आणि तो खेळ पुढच्या खोलीत आला. विधेयक मांडणारे फिल टोबिन हे गुरं पाळणारे रँचमालक.

त्याच अधिवेशनातला दुसरा कायदा तितकाच कमाईचा ठरला. घटस्फोटासाठी राज्यात राहण्याची मुदत तीन महिन्यांवरून सहा आठवड्यांवर आली. पद्धत अशी: येऊन खोली घ्यायची, सहा आठवडे राज्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, मग कोर्टात साक्षीदार उभा करायचा. हा साक्षीदार बहुधा खोलीचा मालकच. ‘यांना मी रोज पाहिलं’ एवढं त्याने सांगायचं. मधे एक दिवस चुकला तर साक्ष फसायची. शिवाय ‘मी इथेच कायम राहणार’ अशी शपथ घ्यावी लागे आणि निकाल हातात पडताच स्टेशन गाठलं जाई. १९३९ मध्ये क्लार्क गेबलच्या पत्नी रिया यांनी इथे येऊन घटस्फोट घेतला आणि गावाला फुकटची जाहिरात मिळाली.

आता धरण. हूवर धरणाचं काम १९३१ मध्ये सुरू झालं. ऐन भरात ५ हजारांवर माणसं कामावर होती. त्यांच्यासाठी सरकारने बोल्डर सिटी वसवली, पण तिथे दारू आणि जुगाराला बंदी. पगाराच्या दिवशी सगळी गर्दी लास वेगासच्या फ्रीमाँट स्ट्रीटवर. तिथल्या नॉर्दर्न क्लबचा परवाना हा काउंटीतला पहिला आणि तो निघाला मेमी स्टॉकर या रेल्वे कामगाराच्या बायकोच्या नावावर.

कॅसिनोतून पैसा ‘स्किम’ व्हायचा म्हणजे नेमकं काय व्हायचं? हिशेब तपासणारं कुणी नव्हतं का? (एक चार्टर्ड अकाउंटंट, पुणे)

दुधावरची साय काढावी तसे वरचे वर पैसे काढून घेणं, म्हणजे स्किम. अट एकच: आकडा कागदावर चढण्याआधी पैसा बाजूला झाला पाहिजे.

टेबलाखाली कुलूपबंद लोखंडी पेटी असते. गिऱ्हाइकाची नोट डीलर फटीतून आत सारतो. पाळी संपली की पेट्या बदलतात, भरलेल्या पेट्या मोजणीच्या खोलीत जातात आणि तिथे पहिल्यांदा आकडा लिहिला जातो. म्हणजे जे काही करायचं ते त्या खोलीत, लेखणी टेकायच्या आत.

नोटांपेक्षा नाणी अवघड. स्लॉट मशिनमधली नाणी मोजायला फार वेळ लागे, म्हणून ती तोलत. २५ सेंटचं नाणं ५.६७ ग्रॅमचं. हजार डॉलर म्हणजे ४ हजार नाणी, २२.६८ किलो. १९७० च्या दशकात स्टारडस्ट कॅसिनोत हा काटाच बिघडवला होता आणि तो सुमारे एक तृतीयांश कमी वजन दाखवायचा. आमचा हिशेब असा: २२.६८ किलोंऐवजी १५.१२ दिसले की वहीत ६६७ डॉलर चढतात आणि ३३३ डॉलर जन्मालाच येत नाहीत. पण ते असतात नाण्यांत, साडेसात किलोंचे. एक लाख डॉलर तोलले तर चोरीचा माल साडेसातशे किलोंवर जातो. तो खिशात घालून कोण नेणार? म्हणून खेळाच्या हॉलमध्येच सुटे पैसे देणाऱ्या जादा खिडक्या उघडल्या. गिऱ्हाईक नोटा देऊन चोरीचीच नाणी घ्यायचं आणि नोटा वहीबाहेर जमा व्हायच्या. त्या शिकागो, कॅन्सस सिटी, मिलवॉकी, क्लीव्हलंडला पोचत. मे १९७६ मध्ये नियामक मंडळाने अचानक धाड घातली तेव्हा हे उघडं पडलं. पुढे कॅन्सस सिटीत एफबीआयने चोरून ऐकलेल्या संभाषणांवर खटले उभे राहिले आणि १९८६ मध्ये टोळीप्रमुख दोषी ठरले.

तुमचा खरा प्रश्न दुसरा आहे: चोरी कशासाठी? राज्याचा कर चुकवायला म्हणावं तर तो किरकोळ होता. १९४५ मध्ये कॅसिनोच्या ढोबळ उत्पन्नावर १ टक्का, दोन वर्षांनी २ टक्के. आजही वरचा दर ६.७५ टक्केच आहे. चोरी व्हायची ती छुप्या मालकांचा वाटा पोचवायला. गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेल्याला परवाना मिळत नसे, म्हणून कागदावर एक मालक आणि पाठीमागे दुसरे. भांडवलाची अडचणही कायद्यानेच केली होती. प्रत्येक भागधारकाची चौकशी होऊन त्याला परवाना हवा, असा नियम होता. हजारो भागधारकांची कंपनी हे कसं करणार? मोठ्या कंपन्या बाहेर राहिल्या, बहुतेक बँका फिरकल्या नाहीत आणि ती जागा टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या युनियनच्या पेन्शन फंडाने घेतली. १९७४ मध्ये स्टारडस्ट विकत घ्यायला याच फंडातून ६ कोटी २७ लाख ५० हजार डॉलरचं कर्ज मिळालं. १९६७ आणि १९६९ च्या कायद्यांनी फक्त मोठ्या भागधारकांच्या चौकशीवर भागवलं आणि शेअर बाजारातला पैसा आला. टोळ्या हटल्या यात पोलिसांचा वाटा आहेच, पण आमच्या मते या दोन दुरुस्त्यांचा मोठा.

जगप्रसिद्ध ‘स्ट्रिप’, म्हणजे मोठ्या हॉटेल-कॅसिनोंचा रस्ता, लास वेगास शहरात येतच नाही, हे खरं का? (एक वाचक, कोल्हापूर)

कोल्हापूरकरांना हे लगेच समजेल: हद्दवाढीचं राजकारण. १९५० मध्ये महापौर अर्नी क्रॅगिन यांना स्ट्रिप शहराच्या हद्दीत घ्यायची होती, म्हणजे हॉटेलांचा कर पालिकेला. हॉटेलवाल्यांनी काउंटीकडे धाव घेतली आणि डिसेंबर १९५० मध्ये त्या पट्ट्याला ‘पॅरडाइझ’ नावाचं वेगळं गाव म्हणून मान्यता मिळवली. काउंटीच्या संमतीशिवाय ते पालिकेत घेता येत नव्हतं, आजही ते बाहेरच आहे. सगळे ज्याच्यापुढे फोटो काढतात तो ‘वेलकम’चा फलक (बेटी विलिस यांनी रेखाटलेला, १९५९) शहराच्या हद्दीपासून सुमारे सहा किलोमीटर दूर उभा आहे. विलिस यांनी त्याचे हक्क राखून ठेवले नाहीत, म्हणून तो चहाच्या कपापासून चावीच्या कडीपर्यंत सगळीकडे दिसतो.

तिथे कृष्णवर्णीय गायकांना स्टेजवर टाळ्या आणि राहायला मात्र बंदी, असं ऐकलं. नियम होता की रिवाज? (एक वाचिका, नागपूर)

रिवाज, पण पालिकेच्या शिक्क्यानिशी. रेल्वेरुळांच्या पश्चिमेला मॅक्विल्यम्स नावाच्या सर्वेक्षकाने क्लार्कच्याही आधी प्लॉट पाडले होते. लिलावानंतर लोक रुळांपलीकडे गेले आणि ही वस्ती मागे पडली. तीच पुढे ‘वेस्टसाइड’. धंद्याचा परवाना नव्याने हवा असेल तर वेस्टसाइडला जा, असं पालिका कृष्णवर्णीय दुकानदारांना सांगू लागली. तिथले रस्ते कितीतरी वर्षं कच्चेच राहिले. सॅमी डेव्हिस ज्युनिअर, नॅट किंग कोल यांच्यासारखे कलाकार स्ट्रिपवर गायचे आणि रात्री वेस्टसाइडमधल्या भाड्याच्या खोल्यांत झोपायला यायचे.

मे १९५५ मध्ये वेस्टसाइडच्या कडेला मुलँ रूज हे हॉटेल-कॅसिनो उघडलं. दारात स्वागताला मुष्टियोद्धा जो लुई, आत सगळ्या वर्णांची गर्दी, तरी नोव्हेंबरमध्ये ते बंद पडलं. पाच वर्षांनी त्याच बंद हॉटेलात बंदी उठवण्याची घोषणा झाली. दंतवैद्य डॉ. जेम्स मॅकमिलन तेव्हा ‘एनएएसीपी’ या नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष होते. २६ मार्च १९६० ला स्ट्रिपवर मोर्चा काढू, असा इशारा त्यांनी दिला. मोर्चाचे फोटो वर्तमानपत्रांत छापून आले तर पर्यटक येणार नाहीत, ही हॉटेलांची भीती. मोर्चाची वेळ येण्याआधीच त्यांनी मान्य केलं. दार गिऱ्हाइकांना उघडलं, नोकऱ्यांचं नाही. त्यासाठी १९७१ मध्ये केंद्रीय न्याय खात्याला कोर्टात जाऊन हॉटेलांशी आणि युनियनशी करार करावा लागला.

हॉटेलांत खोल्या आवरणाऱ्यांना तिथे चांगला पगार मिळतो म्हणतात. कशामुळे? (एक वाचक, ठाणे)

युनियनमुळे. ‘कलिनरी’ ही १९३५ मधली स्वयंपाकी, वेटर, खोल्या आवरणाऱ्यांची संघटना. २१ सप्टेंबर १९९१ ला फ्रंटिअर हॉटेलच्या सुमारे ५५० कामगारांनी संप केला. दारापुढची रांग चोवीस तास, पाळ्या लावून. ती १ फेब्रुवारी १९९८ पर्यंत उठली नाही आणि एकही कामगार फुटून आत गेला नाही. शेवटी मालकाने हॉटेल विकलं आणि नव्या मालकाने करार केला. या काळात युनियनच्या अध्यक्ष होत्या हॅटी कँटी, स्वतः हॉटेलात खोल्या आवरून वर आलेल्या.

महाराष्ट्रातही कॅसिनोचा कायदा होता, असं मित्र पैजेवर सांगतो. (एक वाचक, सोलापूर)

पैज हरलात. विधिमंडळाने १९७६ मध्ये कायदा केला, पण तो अमलात कधी आणलाच नाही. २०२३ मध्ये रद्द केला. गोव्याचा कायदाही १९७६ चाच. त्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या मशिनना आणि १९९६ मध्ये पाण्यावरच्या बोटींना वाट करून दिली. मांडवीतल्या बोटी त्या दुरुस्तीच्या.

मुलाकडे कॅलिफोर्नियाला जातोय. लास वेगासला दोन दिवस आहेत, जुगारात रस नाही. जुनं काय पाहावं? (एक दांपत्य, औरंगाबाद)

पहिला दिवस गावात काढा, स्ट्रिपवर नको. स्ट्रिपवरून ‘ड्यूस’ ही बस रात्रंदिवस फ्रीमाँट स्ट्रीटला जाते. १ नंबर फ्रीमाँट स्ट्रीट इथलं गोल्डन गेट हॉटेल १९०६ चं. तिथून उत्तरेला मॉर्मन गढी, मूळ विटकामाचा काही भाग अजून उभा आहे. जवळच्या जुन्या पोस्ट आणि कोर्टाच्या इमारतीत संघटित गुन्हेगारीचं संग्रहालय आहे. या गुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सिनेटर कीफॉव्हर यांच्या समितीने १९५० मध्ये इथेच साक्षी घेतल्या. निऑन म्युझियम संध्याकाळी पाहा. जुन्या पाट्या अंधारात उजळतात आणि आत जायचं दालन म्हणजे पॉल विल्यम्स या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने घडवलेली ला काँचा मोटेलची लॉबी, तुकडे करून इथे आणून जोडलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्प्रिंग्ज प्रिझर्व. झरे तिथलेच, पण आता कोरडे. गावाने विहिरींतून इतकं उपसलं की १९६२ पर्यंत वर येणारं पाणी थांबलं. शहर आज मुख्यतः धरणामागच्या मीड सरोवरावर जगतं. जून ते ऑगस्टमध्ये पारा चाळीशीच्या वर असतो, तेव्हा उघड्यावरचं सगळं दहाच्या आत उरका आणि पाणी बरोबर ठेवा. हवा इतकी कोरडी की घाम जाणवत नाही, आणि चक्कर येते ती त्यामुळेच. दुपारी गाडीने धरण गाठा, अंतर सुमारे ५० किलोमीटर. जाता-येता बोल्डर सिटीत जेवा. तिथे जुगार आजही बंद आहे.