गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने गिधाडं कशी मेली?

गाय-बैलांच्या ताप-सुजेवर दिलं जाणारं हे वेदनाशामक गुरांना सहसा चांगलं चालतं. पण इंजेक्शननंतर दोन-तीन दिवसांत जनावर दगावलं, तर औषध मांसात उरलेलं असतं, आणि तेच गिधाडाच्या पोटात जातं.

खरा घोळ मूत्रपिंडात होतो. पक्षी शरीरातला नायट्रोजन आपल्यासारखा युरियाच्या रूपात नाही, तर युरिक ॲसिडच्या रूपात बाहेर टाकतात. डायक्लोफिनॅकने मूत्रपिंडाच्या पेशी मरतात, युरिक ॲसिड रक्तात साचतं आणि काही दिवसांत पक्षी मरतो. शवविच्छेदनात यकृत आणि हृदयावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसतो. कुजलेलं मांस, अगदी काळपुळीचे जंतूही पचवणारा हा पक्षी, आणि एवढ्याशा औषधापुढे हतबल! अमेरिकेतलं टर्की गिधाड मात्र हेच औषध कितीतरी जास्त प्रमाणात सोसतं.

हे कारण 2004 मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून पुढे आलं. तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 95 टक्क्यांहून जास्त घटली होती. 2006 मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. एसिक्लोफिनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाचं तर गुराच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होतं, म्हणून 2023 मध्ये त्यावर आणि किटोप्रोफेन या आणखी एका वेदनाशामकावरही बंदी घातली गेली.

तुमच्याकडे गुरं असतील तर डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅमच मागा. ते गुरांना लागू पडतं आणि गिधाडांना सुरक्षित आहे. माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक मेडिकलमधून आणून गुराला टोचणं तर कृपया बंदच करा.